आधी कच्चा टाका

कागद हातात आला की साहेब तो लगेच वाचत नसत. आधी त्याचा कोपरा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून हलकेच चोळायचे. कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक पोत बघतं ना, तसं. मग चष्मा चढवून थेट शेवटचं पान उघडायचे आणि विचारायचे, "कधी थांबायचं, ते कुठं लिहिलंय?"

साहेब आमच्या कंपनीचे वित्तप्रमुख. तुमच्याही कचेरीत असे कोणी असतील. त्यांच्यासमोर एखादी योजना घेऊन तुम्ही कधी उभे राहिला असाल, तर दोन प्रश्न तुम्हाला पाठ असतील. किती लागतील, आणि परत कधी येतील. या दोन प्रश्नांची उत्तरं आम्ही संशोधनवाले झोपेतही देऊ शकतो, कारण ती बहुतेक वेळा आम्ही अंदाजपंचे दिलेली असतात. साहेब तिसराच प्रश्न विचारत आणि त्याचं उत्तर अंदाजपंचे देता येत नसे.

आमची कंपनी बियाण्यांची. लातूरच्या एमआयडीसीत पॅकिंगची शेड आणि ऑफिस, आणि गावाबाहेर आमचं संशोधनाचं रान. मी करडईवर काम करते. मूळची उमरीची. करडईची कोवळी भाजी खाऊन वाढले आणि त्याच करडईच्या काट्यांनी ओरबाडलेले आईचे हातही बघत आले. ज्यांनी करडई कधी कापली नाही त्यांना सांगते, पीक वाळलं की त्याचं पान न् पान सुईसारखं होतं. बायका हातापायांना फडकी गुंडाळून पहाटे रानात उतरतात, कारण दवानं काटा थोडा मऊ पडतो. उन्हं वर आली की कापणी बंद. या काट्यापायी मजूर मिळेना आणि आमच्याकडची करडई वर्षागणिक कमी होत गेली. बिनकाट्याचं आणि भरपूर तेलाचं वाण काढायचं, हे माझं कंपनीत येण्याआधीपासूनचं वेड होतं.

ते वेड कागदावर उतरवून मी पहिल्यांदा साहेबांकडे गेले तेव्हा बोलून बोलून माझ्या तोंडाला नुसता फेस यायचा बाकी होता. तेलाचे आकडे, मजुरीचे आकडे, सगळी तयारी. साहेबांनी कागद चोळला, शेवटचं पान उघडलं आणि त्यांचा तो प्रश्न विचारला. मला राग आला. सुरूच केलेलं नाही आणि हे थांबायचं विचारतात. मी तसं बोलूनही दाखवलं. माझं तोंड तसं आवरत नाही.

साहेब हसले. ते नांदेडचे. जुन्या नांदेडात त्यांच्या वडिलांचं टेलरिंगचं दुकान होतं, आता ते धाकटे भाऊ चालवतात. दर शनिवारी संध्याकाळी साहेब नांदेडची बस धरायचे आणि सोमवारी सकाळी परत यायचे. शिक्षण मोठं, हुद्दा मोठा, पण शर्टाच्या खिशाच्या आतल्या बाजूला दोरा गुंडाळलेली एक सुई कायम टोचलेली असायची. आमच्या शिपायाच्या शर्टाचं बटण तुटलेलं दिसलं की मीटिंग थांबवून ते लावून द्यायचे. आम्ही सुरुवातीला एकमेकांकडे बघून हसायचो, नंतर स्वतःची तुटलेली बटणं घेऊन जायला लागलो.

"बघा मॅडम," ते म्हणाले, "आमचे अब्बा नवं कापड कधी सरळ मशीनवर घेत नव्हते. आधी कच्चा टाका घालायचे. हातानं, पांढऱ्या दोऱ्यानं, मोठा मोठा. गिऱ्हाईकाला बोलावून अंगावर चढवायचे. बसलं तर मशीन. न्हाई बसलं तर एक दोरा ओढला की कापड मोकळं. तुमचं हे मला डायरेक्ट मशीनवर चढवलेलं दिसून राहिलंय."

मग त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतलं. पहिला टप्पा छोटा आणि स्वस्त, फक्त आमच्या रानात. तो जमला तर दुसरा टप्पा शेतकऱ्यांच्या रानात. आणि शेवटच्या पानावर माझ्याच अक्षरात एक अट, की शेतकऱ्याच्या रानात लागोपाठ दोन हंगाम घरच्या गावठी करडईपेक्षा एकरी उतारा कमी आला तर काम थांबवायचं. ही अट मी ऐटीत लिहिली होती. असं काही होणारच नाही याची मला खात्री होती. साहेबांनी सही केली आणि त्या दिवसापासून माझ्या कामात एकदाही ढवळाढवळ केली नाही. अट ठरेपर्यंत प्रश्नांची सरबत्ती आणि अट ठरल्यावर पूर्ण विश्वास, हे मी त्याआधी कुठल्याही वरिष्ठात बघितलं नव्हतं.

शेतीतलं साहेबांना काहीही कळत नसे, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी देवमाणसाची पोथी वाचतेय. जवस आणि हरभरा त्यांना शेवटपर्यंत धड ओळखता आला नाही. रिकाम्या खोलीतला पंखा दिसला की ते चिडायचे आणि पाहुण्यांना चहा इतका कमी द्यायचे की कपाचा तळ दिसायचा. पण न कळणाऱ्या गोष्टीजवळ जाऊन बसण्याची त्यांना लाज नव्हती. पहिल्याच हंगामात ते म्हणाले, कापणी बघायची. मी दहा वाजताची वेळ दिली, तर म्हणाले, बायका येतात त्याच वेळी येतो.

पहाटे पॉलिश केलेले बूट घालून साहेब दवात हजर. आमच्या मजूर बायकांची मुकादम कौसाबाई. शेजारच्या गावची, हाडापेरानं किरकोळ, जिभेनं तिखट. ती त्यांच्या बुटांकडे बघून म्हणाली, "साहेब, हाताला फडकं बांधा. काटा काय हुद्दा बघत न्हाई." साहेबांनी मुकाट्यानं हात पुढे केले आणि तिनं त्यांना फडकी बांधली. त्या वर्षी आमच्या झाडांचे काटे अजून गेले नव्हते. ते ओळीत बसून चार झाडं कापतात न कापतात तोच मनगटावर रक्त आलं. ते उठले नाहीत.

उन्हं आल्यावर त्यांनी रानाला एक फेरी मारली आणि बांधाजवळ थांबून म्हणाले, सगळ्यात जोमदार तर ही ओळ आहे, हे कुठलं वाण? बायकांनी पदर तोंडाला लावले. ती आमची राखणीची ओळ होती. गावठी, चांगली काटेरी करडई, जनावरं आत येऊ नयेत म्हणून संशोधनाच्या प्रत्येक तुकड्याभोवती लावतात ती. तिच्याकडे आमच्यापैकी कोणी बघतही नाही. साहेबही आमच्याबरोबर हसले. पण त्या दिवसापासून संशोधनाची वर्षाची आखणी ऑफिसातल्या काचेच्या टेबलावर होईनाशी झाली. ती बांधावर, सतरंजी टाकून व्हायला लागली, आणि तीत कौसाबाईलाही बसायला जागा असायची. काय तोडायचं आणि काय ठेवायचं हे पीक समोर ठेवून बोला, असं त्यांचं म्हणणं.

मार्चचा किस्सा तर आमच्याकडे अजून सांगतात. संशोधन खात्याला एक खोड असते. मार्च संपेपर्यंत खर्च झाला नाही तर उरलेली रक्कम परत जाते आणि पुढच्या वर्षी तेवढी कमी मिळते. म्हणून मार्चमध्ये आम्ही दिसेल ते घ्यायचो. एकदा बियाणं ठेवायचे पत्र्याचे डबे इतके घेतले की उरलेल्या डब्यांत कँटीनवाल्यानं चिवडा भरला. साहेबांनी चिवडा घेताना डब्यावरची आमची चिठ्ठी वाचली. आम्हाला वाटलं, आता सगळ्यांची हजामत. त्यांनी फक्त कारण विचारलं. मी म्हटलं, करडई नेमकी फेब्रुवारी-मार्चात कापायला येते आणि तेव्हाच तुमची बिलं बंद होतात, म्हणून आम्ही आधीच जे मिळेल ते घेऊन ठेवतो.

त्यांनी डबा खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे तुमचं पीक रानात उभं असताना मी दुकान बंद करून राहिलो."

पुढच्या वर्षीपासून सरकारला दाखवायचं वर्ष एप्रिलचं राहिलं आणि संशोधनाच्या आखणीचं वर्ष मृगापासून मृगापर्यंतचं झालं. न खर्चलेलं पुढे न्यायला मोकळीक. तपासणीवाले कुरकुरले, साहेबांच्या स्वतःच्या खात्याचं काम दुप्पट झालं. साहेबांनी ते खाली मान घालून केलं. एवढा मोठा माणूस पिकाच्या कलानं आपलं सगळं खातं फिरवतो, हे बघताना मला खरोखर दडपण यायचं. आपणही तितकंच खरं वागलं पाहिजे, असं ते दडपण.

मग पाऊस रुसला. ते वर्ष आमच्याकडे कोणी विसरणार नाही. बियाण्यांच्या पिशव्या गोदामात तशाच पडून राहिल्या. मालकांनी बैठक बोलावली आणि संशोधन एक वर्ष बंद ठेवू म्हणाले. मालक वाईट नव्हते, त्यांना पगार करायचे होते. नेमकी त्याच वर्षी माझी बिनकाट्याची करडई पहिल्यांदा शेतकऱ्यांच्या रानात जायची होती, कौसाबाईच्या तुकड्यातही. साहेब कागद चोळत बसले होते.

"मालक, दुकान वर्षभर बंद ठेवलं तर पुन्हा उघडता येतं," ते शांतपणे म्हणाले. "रान बंद ठेवलं तर बियाची पिढी तुटते. ती विकत भेटत न्हाई."

मग त्यांनी सांगितलं की संशोधनासाठी पैसा आहे. दोन चांगल्या हंगामांत त्यांनी नफ्यातला थोडा भाग बाजूला ठेवलेला होता. त्याला ते माया म्हणत. शिवताना कडेचं जास्तीचं कापड आत दुमडून ठेवतात, ती माया. माणूस अंगानं भरला तर कपडा फेकावा लागत नाही, उसवून सैल करता येतो. याच मायेला हात लागू नये म्हणून त्यांनी मला पूर्वी ट्रॅक्टर साफ नाकारला होता. मी अख्खा हिवाळा त्यांच्याशी कामापुरतं बोलत होते. त्या बैठकीत माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलंही नाही.

पण पैसा मिळाला म्हणून त्यांनी आम्हाला मोकळं सोडलं नाही. संशोधनातल्या प्रत्येकाला बांधावर बसवून विचारलं, तुमच्यातलं कोणतं बी एक वर्ष थंड खोलीत झोपू शकतं आणि कोणतं पेरलंच पाहिजे? आम्ही आपसात भांडलो, रुसलो, शेवटी यादी आमची आम्हीच केली. करडई पेरायची ठरली.

आणि करडईनं माझं नाक कापलं. त्या दुष्काळात हिरवं काही उरलं नव्हतं. शेतकऱ्यांच्या रानातल्या माझ्या बिनकाट्याच्या मऊ झाडांवर गुरं, हरणं, रानडुकरं तुटून पडली. शेजारच्या गावठी करडईला कोणी तोंड लावलं नाही. मी म्हटलं, वर्षच वाईट होतं. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, तरी तेच. कौसाबाई आपल्या उजाड तुकड्यात उभी राहून म्हणाली, "काटं काढले ते बरं केलं बाई. पण राखण कोण करावं?"

मी साहेबांकडे गेले ते भांडायच्या तयारीनं. उतारा कमी आला ही बियाण्याची चूक नाही, जनावरांची आहे, अट लागू होत नाही, असं बरंच काही घोकून गेले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझीच जुनी योजना काढली, शेवटचं पान उघडलं आणि माझ्यासमोर ठेवलं. माझं अक्षर होतं.

"उसवा," ते म्हणाले.

एवढंच. आवाजात ना राग, ना विजय. मी रडवेली होऊन म्हटलं की एवढ्या वर्षांचं काम वाया गेलं, लोक काय म्हणतील. तेव्हा त्यांनी खुर्ची माझ्या बाजूला ओढली. "उसवायला कसली लाज, मॅडम? लाज ती, न बसलेलं कापड घालून मिरवायची. आणि उसवलं म्हणून कापड कुठं जातं? तुमचं तेल हाय, तुमचं मऊ पान हाय. माप चुकलं असंल. नवं माप घ्या."

मी बाहेर पडत होते तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "मला एक सांगा, तुमच्या रानात का न्हाई खाल्लं कोणी?"

मी उत्तर द्यायला गेले आणि मला आमचा बांध आठवला. आमच्या रानात कधीच कोणी खाल्लं नव्हतं, कारण आमच्या प्रत्येक तुकड्याभोवती राखणीची काटेरी ओळ होती. ती इतकी सवयीची की शेतकऱ्यांना बियाणं देताना आमच्या कोणाच्याच मनात तिचा विचार आला नाही. आम्ही त्यांना निव्वळ, निवडलेलं, शुद्ध बिनकाट्याचं बी दिलं होतं. आणि साहेबांनी पहिल्याच दिवशी त्या ओळीसमोर थांबून तिची तारीफ केली होती, तेव्हा आम्ही पदर तोंडाला लावले होते. त्यांना उत्तर ठाऊक होतं असं मी म्हणत नाही. मी त्यांना विचारलंही, तर म्हणाले, मला काय कळतं त्यातलं. पण न कळणाऱ्या माणसानं नेमका तोच प्रश्न नेमक्या त्याच वेळी विचारावा, याचं नवल मला अजून वाटतं.

जुनं काम रीतसर बंद झालं. नवं, छोटं, पुन्हा कच्च्या टाक्याचं काम सुरू झालं. बिनकाट्याच्या बियाण्याबरोबर काटेरी बियाण्याची एक लहान पिशवी, बांधाच्या कडेनं पेरायला. नवी अटही मीच लिहिली, या वेळी ऐटीत नाही. त्या हंगामात कौसाबाईच्या तुकड्यात एकही झाड खाल्लं गेलं नाही. पण तोवर साहेब निवृत्त होऊन नांदेडला गेले होते.

वाण बाजारात न्यायचं ठरलं तेव्हा मी दोन्ही पिशव्या घेऊन त्यांच्या घरी गेले. ते आजारी होते. पलंगावर उशीला टेकून बसले होते, बोटं फार बारीक झाली होती. त्यांनी आधी मोठ्या पिशवीचं कापड चिमटीत धरून चोळलं, मग लहान पिशवीचं. मी त्यांना माझी नवी अडचण सांगितली. लहान पिशवी सुटी दिली तर दुकानात हरवते, नाहीतर शेतकरी ती फुकटची समजून कोपऱ्यात टाकतो. मोठीच्या आत घातली तर बी मिसळतं. मशीननं शिवली तर काढताना मोठी पिशवी फाटते.

त्यांनी खिशाजवळ हात नेला. सदऱ्याच्या आतल्या बाजूला सुई होतीच. लहान पिशवी मोठीच्या तोंडावर ठेवून त्यांनी पांढऱ्या दोऱ्यानं मोठे मोठे टाके घातले. टाका अजूनही सरळ पडत होता. मग पिशव्या माझ्याकडे देत म्हणाले, "ओढा." मी दोऱ्याचं टोक ओढलं. सबंध दोरा हातात आला, लहान पिशवी अलगद सुटली, मोठीला छिद्रसुद्धा दिसेना.

"पहिली हातात काटेरी येईल," ते म्हणाले. "आधी राखण पेरतील."

मी त्यांच्या पायाला हात लावला. त्यांना ते आवडायचं नाही, पण त्या दिवशी त्यांनी अडवलं नाही.

आमच्या पॅकिंगच्या शेडमधल्या बायका आता तोच टाका घालतात. पहिली गाडी भरली त्याच आठवड्यात साहेब गेले. मी मातीला नांदेडला गेले होते. परत येताना बसमध्ये माझ्या पर्समध्ये तो पांढरा दोरा होता, आणि मला सारखं वाटत होतं की कोणाचं तरी बटण तुटलेलं असणार.

या वर्षी कापणीला कौसाबाईनं मला तिच्या रानात बोलावलं. मी सवयीनं पहाटे निघाले, तर तिचा निरोप आला, एवढ्या लवकर येऊन काय करता, जेवून या. गेले तेव्हा ऊन चांगलं डोक्यावर आलं होतं. बायका गप्पा मारत करडई कापत होत्या. कोणाच्याही हाताला फडकं नव्हतं. भर उन्हात, मोकळ्या हातांनी करडई कापलेली मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. मला माझी आई आठवली आणि मी बांधावर बसले.

कौसाबाईनं इकडेतिकडे बघत विचारलं, "हिशोबवाले साहेब न्हाई आले?"

तिला कोणी कळवलं नव्हतं. मी सांगितलं. तिनं विळा खाली ठेवला, दोन्ही तळवे वळवून उन्हात धरले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. एक ओरखडा नव्हता.

"ह्ये बघाया पायजे होते त्ये," ती म्हणाली.

मग ती पुन्हा ओळीत बसली. दिवस कलेपर्यंत सगळं रान रिकामं झालं. बांधाकडेची काटेरी ओळ तेवढी उभी राहिली. ती दुसऱ्या दिवशी पहाटे, दव असताना, हाताला फडकी बांधून कापायची होती.